ओढ्याकाठची झुडपे आणि छोटी झाडे: कुठे, कोणती, कधी लावायची

जून उजाडला की ओढ्याकाठी खड्डे खणले जातात, रोपवाटिकेत जी रोपे मिळतील ती टेंपोत भरून आणली जातात, आणि पुढच्या जूनला त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावायची वेळ येते. खापर पावसावर फुटते. प्रत्यक्षात पाण्यात पाय रोवून उभे राहणारे झुडूप कोरड्या माथ्यावर गेलेले असते, माथ्यावरचे पुराच्या धारेत, आणि दाट सावलीत वाढणारे रोप पहिल्याच वर्षी एप्रिलच्या उन्हात. झाडाचे नाव नंतर ठरवायचे असते. आधी दोन गोष्टी कळाव्या लागतात: ती जागा पाण्यापासून किती उंच आहे आणि तिथे सावली किती आहे.

हा लेख लहान ओढ्यांसाठी आहे, म्हणजे पात्र साधारण दहा मीटरपर्यंत रुंद असलेल्या ओढ्यांसाठी. कोकणात त्यालाच पऱ्या किंवा व्हाळ म्हणतात. भाग तीन धरले आहेत: कोकण, घाटमाथा आणि घाटाच्या पूर्वेचा देश. अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ या मोठ्या झाडांबद्दल सगळे भरभरून लिहितात; इथे भर त्यांच्या खालच्या मजल्यावर आहे. काठाची माती धरून ठेवण्याचे, पाणी थंड राखण्याचे आणि शेतातून येणारा गाळ अडवण्याचे बरेचसे काम हा खालचा मजलाच करतो.

## टप्पा १: ओढा दोनदा पाहा

एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, मोठा पूर येऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांत. एकदा एप्रिल-मेमध्ये.

पावसाळ्यात पुराची खूण शोधायची. निर्गुडीच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, काट्यांना लटकलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या, एका दिशेला झोपलेले गवत, खडकावरची गाळाची रेघ. ही खूण ओढ्याच्या दोन्ही बाजूंना दर दहा मीटरवर चुन्याने किंवा रंगवलेल्या दगडाने कायम करा. मोठ्या नद्यांना जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. गावच्या ओढ्याची रेषा मात्र आपल्यालाच आखावी लागते. गावातल्या जुन्या माणसाला विचारले तर तो झाड दाखवून सांगतो की पाणी कुठवर चढले होते. ते ऐका आणि तिथेही एक दगड ठेवा.

उन्हाळ्यात पाहायचे ते वेगळे. पाणी कधी आटते? डोह राहतो का? पात्रात कुदळीने अर्धा मीटर खणल्यावर ओल लागते का? ओल लागत असेल तर पाण्यालगतच्या झुडपांना दुसऱ्या उन्हाळ्यानंतर पाणी घालावे लागत नाही. लागत नसेल तर यादीतली निम्मी नावे तिथेच बाद होतात.

तपासणी: जागा कोणाची आहे ते आताच पाहून घ्या. गटाचा नकाशा काढा. ओढ्याचे पात्र बहुतेक ठिकाणी सरकारी असते, काठ खासगी असतो, आणि डोंगराकडचा भाग वनविभागाचा असू शकतो. लावणी झाल्यावर वाद निघाला तर रोपे आधी मरतात.

## टप्पा २: काठाचे तीन पट्टे आखा

पायथा. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या काठापासून दरवर्षीच्या पुराच्या खुणेपर्यंतचा भाग. हा वर्षातून अनेकदा पाण्याखाली जातो. रुंदी साधारण दोन मीटर. चढ उभा असेल तर त्याहून कमी.

उतार. तिथून काठाच्या कडेपर्यंत. मोठ्या पुरातच बुडतो, पण वरून शेताचे पाणी याच्यावरून धावत येते.

माथा. कडेपासून शेताकडचा सपाट भाग. पाण्याच्या जवळ असूनही हा कोरडा असतो, आणि फसगत इथेच होते. पाणी चार मीटर खाली आणि रोपाचे मूळ वीत-दीड वीत. त्या रोपाच्या दृष्टीने ओढा नाहीच.

पट्टे दोरी लावून आखा आणि तीन रंगांच्या खुंट्या ठोका. रोपे वाटणाऱ्या माणसाने नकाशा पाहायचा नसतो, खुंटीचा रंग पाहायचा असतो.

वळणांची नोंद स्वतंत्रपणे करा. बाहेरच्या वळणावर पाणी काठावर आदळते आणि काठ कापत जाते. आतल्या वळणावर वाळू-गोटे साठतात. बाहेरच्या वळणावर झुडपांची संख्या दीडपट धरायची. आतल्या वळणावर जनावरांच्या पाणवठ्यासाठी तीन मीटरची वाट मोकळी सोडायची. ही वाट ठेवली नाही तर गुरे स्वतःची वाट पाडतात, तीही नेमकी रोपांतून.

खबरदारी: काठ दीड मीटरपेक्षा उंच आणि भिंतीसारखा उभा असेल तर त्याच्या तोंडावर एकही रोप लावू नका. पुढच्या पुरात रोपासकट ढेकूळ खाली येते. आधी कडा तासून उतार द्यावा लागतो आणि मग टप्पा ७ मधल्या फांद्यांच्या जुड्या वापराव्या लागतात.

## टप्पा ३: सावली मोजा

हे कोणी करत नाही. काम मात्र अर्ध्या तासाचे आहे.

ऑक्टोबरमधल्या किंवा मार्चमधल्या निरभ्र दिवशी, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, जिथे लावायचे आहे तिथे जमिनीवर पांढरे धोतर किंवा चादर अंथरा. चादरीवर कवडसे किती पडतात ते पाहा. कवडसेच कवडसे, म्हणजे निम्म्याहून जास्त चादर उन्हात: ही उन्हाची जागा. निम्मी चादर किंवा त्याहून कमी उन्हात: अर्धी सावली. मोजून पाच-सात कवडसे: दाट सावली. काठाच्या दर पंधरा-वीस मीटरवर एकदा हे करा आणि खुंटीवर उ, अ किंवा दा असे लिहून ठेवा.

उघड्या ओढ्यावर सगळीकडे ‘उ’ येईल. त्यात निराश होण्यासारखे काही नाही. त्याचा अर्थ इतकाच की सावलीतली झाडे या वर्षी लावायची नाहीत. आधी उन्हातली झुडपे वाढू द्यायची, तिसऱ्या पावसाळ्याच्या आधी पुन्हा चादर अंथरायची. सीता अशोक, अंजनी, करकणी यांची पहिल्या वर्षीची मर बहुतेक याच घाईतून होते. तहान हे कारण फार क्वचित निघते.

## टप्पा ४: पट्ट्याप्रमाणे निवड

### पायथा

इथे झाड हवे लवचीक, पाण्याखाली आडवे होऊन पुन्हा उभे राहणारे, आणि फांदीपासून नवी मुळे फोडणारे. जाड एकच बुंधा असलेले झाड इथे नको. पुरात त्याच्याभोवती पाणी भोवरा करते, बुंध्याच्या दोन्ही बाजूंची माती उकरली जाते, आणि ते पडताना दोन-तीन मीटर काठ सोबत घेऊन जाते.

*शेरणी.* घाटातल्या आणि कोकणातल्या खडकाळ ओढ्यांत, अगदी पात्रात, दगडांच्या फटींतून उभे असलेले अरुंद पानांचे झुडूप. पुरात पूर्ण बुडते, पाणी ओसरले की पाने झटकून उभे. उंची एक ते तीन मीटर. खडक आणि गोटे असतील तिथे पहिली निवड हीच. काळ्या मातीच्या गाळात मात्र हिला आणू नका.

*वाळुंज.* गाळाच्या काठासाठी. देशावर आणि घाटमाथ्यावर दोन्हीकडे चालते. मोकळे सोडले तर मध्यम उंचीचे झाड होते, म्हणून पायथ्याला लावलेले वाळुंज दर दोन वर्षांनी जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीपासून मीटरभर उंचीवर छाटायचे. मग ते झुडपासारखे फुटते. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. सगळी कलमे एकाच झाडावरून घेऊ नका, किमान सात-आठ झाडांवरून घ्या.

*निवर,* म्हणजे समुद्रफळ. पाणी आठवडे-आठवडे साचते अशा सखल, चिखलाच्या जागेसाठी. संथ पाण्याला उत्तम, जोरदार धारेत लहान रोप टिकत नाही. वाढ सावकाश होते, घाई नको.

*निर्गुडी.* पायथ्याच्या वरच्या अर्ध्या भागात आणि उतारावर. ओल असो, कोरडे असो, मुरूम असो, गाळ असो, ही तग धरते. शेळ्या तोंड लावत नाहीत. एकट्या निर्गुडीवर सगळा काठ सोपवण्याचा मोह होतो, तो टाळा. काठ हिरवा दिसतो, पण फळ खाणाऱ्या पक्ष्यांना तिथे फारसे काही मिळत नाही आणि पक्ष्यांनी आणलेले बीही मग पडत नाही.

*केवडा* फक्त कोकणात, रुंद आणि संथ व्हाळाच्या कडेला. अरुंद पऱ्यात लावला तर पाचेक वर्षांत तो पात्र अडवतो आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतातून वाट काढते.

झुडपांच्या पायाशी, पाण्याच्या अगदी कडेला, वाळ्याची एक ओळ लावा. ठोंब वीतभर अंतरावर. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात. झुडपे धरेपर्यंतची पहिली दोन वर्षे काठ तोच धरतो.

### उतार

सगळ्यात जास्त विविधता इथे हवी, आणि निवडायला वावही इथेच आहे.

उन्हाच्या जागी सुरुवात *धायटी, निर्गुडी, पांढरफळी* आणि *शेवरी* यांनी करा. धायटी मुरमाड उताराला घट्ट धरते, वणव्यातून गेली तरी बुडातून पुन्हा फुटते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या लाल फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर तुटून पडतात. शेवरी म्हणजे पिवळ्या फुलांची, शेंगांची, डाळवर्गातली. काही भागांत सावरीलाही शेवरी म्हणतात, म्हणून रोप मागताना हे स्पष्ट सांगा. शेवरीचे आयुष्य थोडे असते, पण पहिल्याच वर्षी ती डोक्याइतकी होऊन खालच्या रोपांना सावली देते. तिला कायमचे झाड समजू नका. ती सोबतीण आहे.

छोट्या झाडांत *बोखाडा* (काळा उंबर) सगळ्या भागांत चालतो. फळे बुंध्याला आणि खालच्या फांद्यांना घोसाने लागतात, वाढ झपाट्याने होते, आणि वटवाघळे व बुलबुल आल्याने इतर झाडांचे बी आपोआप येऊन पडते. काठावर जिवंत हालचाल लवकर दिसावी असे वाटत असेल तर दर पंधरा-वीस मीटरवर एक बोखाडा हवाच. *पाणजांभूळ* कोकणात आणि घाटात, नावाप्रमाणेच पाण्यालगतचे. देशावर त्याच्या जागी *भोकर* आणि *करंज* घ्या, करंज अर्थात उताराच्या वरच्या कडेला. *पांढरा कुडा* आणि *मुरुडशेंग* अर्ध्या सावलीत छान वाढतात. तोडले तरी दोन्ही पुन्हा फुटतात, म्हणून सरपणासाठी लोक येतात अशा ठिकाणी हीच बरी.

दाट सावली आधीपासून असेल, म्हणजे वर जुने आंबे, जांभळे, करंज उभे असतील, तर कोकणात *सीता अशोक, कोकम, करकणी*. घाटमाथ्यावर *अंजनी, करकणी, माकडलिंबू*. कोरड्या बाजूला *कुंती* आणि रानातला *कढीपत्ता*. *भारंगी* या सगळ्यांच्या पायाशी लावता येते, आणि तिची कोवळी पाने भाजीला मिळतात.

कोकमाबद्दल एक सूचना. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, त्यांना फळ धरत नाही. काठ धरण्यासाठी त्याने काही बिघडत नाही, पण घरच्या आमसुलांचा हिशेब मनात असेल तर माथ्यावर मादी झाडाची कलमे वेगळी लावा.

कारवी घाटमाथ्यावर आपली आपण येते. सात वर्षांनी फुलून सगळी एकदम मरते, त्यामुळे उताराचा भार तिच्यावर टाकू नका.

### माथा

मोठ्या झाडांची एक रांग, त्यांच्यामध्ये छोटी झाडे (*आपटा, भोकर, बोखाडा,* कोकणात *कोकम*), आणि शेताकडच्या कडेला काटेरी किंवा जनावरे न खाणाऱ्या झुडपांची भिंत. कोकणात आणि घाटात *करवंद* आणि *अडुळसा*. देशावर *तरवड, निर्गुडी, अडुळसा*. जनावरे तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत आणि तो पाण्याविना राहतो. या भिंतीचे दुसरे काम म्हणजे शेतातली तणनाशकाची फवार अडवणे. २,४-डी मारताना वारा ओढ्याकडे असेल तर आतली कोवळी रोपे आठवड्यात वाकडी होतात. शेजारच्या शेतकऱ्याशी हे बोलून ठेवा.

तपासणी: यादी तयार झाली की मोजा. एका पट्ट्यात एकाच जातीची एक-चतुर्थांशाहून जास्त रोपे असतील तर यादी परत करा. सूट फक्त पायथ्याला, कारण तिथे तगणाऱ्या जातीच मोजक्या आहेत.

## टप्पा ५: काय काढायचे, कशाला हात लावायचा नाही

घाणेरी, रानमोडी, बेशरम, वेडी बाभूळ, सुबाभूळ ही काढायची. पण मे महिन्यात सगळा काठ एका दमात साफ करणे ही काठाचे सर्वात मोठे नुकसान करणारी चूक आहे. घाणेरी कितीही नकोशी असली तरी त्या क्षणी माती तीच धरून असते. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर ते नोव्हेंबर, दहा-पंधरा मीटरचे एक आड एक तुकडे घ्या. उरलेले पुढच्या वर्षी.

घाणेरीचे मुख्य मूळ जमिनीखाली चार-पाच सेंटीमीटरवर तोडायचे आणि झुडूप उलटे करून, मुळे आकाशाकडे, तिथेच उतारावर आडवे टाकायचे. वरवर छाटले तर चौपट फुटते. बेशरमचे तुकडे मात्र ओल्या मातीवर पडू देऊ नका. प्रत्येक तुकड्याला मुळे फुटतात. उचलून कातळावर वाळवा.

लावू नयेत अशांत ग्लिरिसिडिया, काशीद, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरी येतात. रोपे फुकट मिळतात म्हणून ती काठावर येतात, आणि खालचा मजला पुढे तयारच होत नाही. कण्हेर पाणवठ्याजवळ नको. तिचा प्रत्येक भाग जनावरांना विषारी आहे.

आणि जिथे मूळची झाडी शाबूत आहे तिथे काहीच लावू नका. देवराईतून जाणारा ओढा, किंवा दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे आहे तशी रानजायफळाची दलदल, अशा जागी कुदळ चालवणे म्हणजे शंभर वर्षांचे काम उकरणे. तिथे फक्त राखण करा, आणि झाडाखाली पडलेले थोडे बी गोळा करा.

## टप्पा ६: रोपांचा हिशेब

एका काठाची लांबी १०० मीटर आणि एकूण रुंदी १० मीटर धरू: पायथा २, उतार ४, माथा ४.

पायथा: झुडपांच्या दोन रांगा, रोपांत १ मीटर अंतर, एका रांगेतले रोप दुसरीतल्या मोकळ्या जागेसमोर. २०० रोपे.

उतार: ४०० चौरस मीटर, दीड मीटर बाय दीड मीटरवर जागा, म्हणजे साधारण १७८. त्यांतली प्रत्येक चौथी जागा छोट्या झाडाची: ४४ छोटी झाडे, १३४ झुडपे.

माथा: मोठी झाडे ६ मीटरवर, १७. त्यांच्यामध्ये छोटी झाडे, १६. कडेची भिंत १ मीटरवर, १०० झुडपे.

एकूण ५११. नांग्या भरण्यासाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्यासाठी, पंधरा टक्के जास्त, म्हणजे ७५ ते ८० रोपे बाजूला ठेवा. सावलीतल्या जातींच्या जागा या हिशेबात धरा, पण पहिल्या वर्षी तिथे शेवरी किंवा पांढरफळी लावा.

माणसे आणि पाणी यांच्या बळावर जेवढे जमेल तेवढीच लांबी घ्या. शंभर मीटर नीट राखलेला काठ अर्धा किलोमीटर लावून सोडलेल्या काठापेक्षा नक्कीच चांगला.

## टप्पा ७: बी, रोपे, छाट कलमे

बी आणि फांद्या शक्यतो त्याच खोऱ्यातल्या झाडांवरून घ्या. जांभूळ, कोकम, सीता अशोक यांचे बी वाळवून ठेवता येत नाही; फळ पिकल्यावर आठवड्याभरात पिशवीत पडले पाहिजे. बाजारातून डब्यातले जुने बी आणून महिनाभर वाट पाहणारे पुष्कळ आहेत.

रोपवाटिकेत अशोक मागितला की उंच, सरळसोट खोटा अशोक हातात येतो. सीता अशोकाचे पान संयुक्त असते, एका दांड्यावर पानांच्या जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस, खाली लोंबणारी. खोट्या अशोकाचे पान सुटे, लांब, कडेला लाटा असलेले. पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

चांगले रोप म्हणजे उंची दीड ते दोन फूट, बुंधा पेन्सिलीएवढा, आणि पिशवी फाडल्यावर तळाशी मुळांची वेटोळी नसलेली. वेटोळी असतील तर धारदार पात्याने तळाचा तेवढा भाग कापा. ती तशीच गेली तर झाड चार-पाच वर्षांनी, नेमके मोठे झाल्यावर, वाऱ्याने कोलमडते. लावणीआधी पंधरा दिवस रोपे शेडनेटबाहेर काढून उन्हाची सवय करा.

वाळुंज, निर्गुडी आणि अडुळसा छाट कलमाने, म्हणजे तोडलेल्या फांदीच्या खुंटापासून. खुंटाची लांबी ६० ते ९० सेंटीमीटर, जाडी अंगठ्याएवढी. खालचे टोक तिरके, वरचे सपाट. त्यामुळे उलटा ठोकला जात नाही. तोडल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लावा, तोवर ओढ्याच्या पाण्यात बुडवून, सावलीत. पहारीने भोक पाडून दोन-तृतीयांश खुंट जमिनीत घाला, वर दोन-तीन डोळे राहू द्या आणि भोवतालची माती पायाने घट्ट दाबा. मोकळी पोकळी राहिली की मूळ सुकते. हातोड्याने थेट ठोकू नका, टोक फाटते.

बाहेरच्या वळणावरच्या तासलेल्या काठासाठी जुड्या: वाळुंज किंवा निर्गुडीच्या ताज्या फांद्यांची, १५ ते २० सेंटीमीटर जाडीची, दोन-तीन मीटर लांब जुडी, काथ्याने वीत-दोन वितींवर बांधलेली. काठाला आडवा, समपातळीत, जुडीच्या निम्म्याहून थोडा खोल चर काढा, जुडी बसवा, दर ६० ते ९० सेंटीमीटरवर खुंटी ठोका आणि माती अशी घाला की वरचा भाग जेमतेम दिसत राहील. पूर्ण गाडली तर फूट वर येत नाही. उघडी ठेवली तर वाळते.

## टप्पा ८: लावणीचा क्रम

सगळे एकदम जूनमध्ये लावू नका. पट्टे वेगळे, वेळाही वेगळ्या.

१. माथा आणि उताराचा वरचा भाग: जून-जुलै. पहिल्या सरीला नाही. जमीन एक ते दीड फूट खोल भिजली आणि वाफसा आला की. खड्डे मे महिन्यात तयार असावेत: झुडपांना ३० सेंटीमीटर, छोट्या झाडांना ४५, मोठ्यांना ६० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल. माथ्यावरच्या खड्ड्यात दोन-तीन किलो कुजलेले शेणखत.

२. उताराचा खालचा भाग: जुलै. इथे मोठा खड्डा घेऊ नका. उकरलेली मोकळी माती पहिल्याच पावसात ओढ्यात जाते. मुळांच्या गड्डीपुरते अरुंद भोक, आणि रोपाच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा मातीचा बांध. शेणखत अगदी थोडे.

३. पायथा: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पूर ओसरला, काठ ओला आहे, ऊन फार नाही. याच वेळी खुंट, वाळ्याचे ठोंब, शेरणीची आणि निवरची रोपे. जूनमध्ये पायथ्याला लावलेले रोप जुलैच्या पुरात जाते, आणि तरी दरवर्षी तेच केले जाते. पायथ्याला खत अजिबात नको. ते सरळ पाण्यात उतरते.

ओढा डिसेंबरातच आटत असेल तर पायथ्याच्या लावणीला मार्चपासून पाणी द्यायची सोय आधी करा. नसेल तर त्या वर्षी वाळा आणि निर्गुडी एवढेच लावा.

मोरी किंवा पुलाच्या वर-खाली किमान पाच मीटर काहीही लावू नका. तुटलेल्या फांद्या मोरीत अडकल्या की पाणी रस्त्यावर येते आणि दोष झाडांना मिळतो.

तपासणी: संध्याकाळी रिकाम्या प्लास्टिक पिशव्या मोजा. ५० रोपे लावली असतील तर ५० पिशव्या परत यायला हव्यात. कमी भरल्या तर काही रोपे पिशवीसकट जमिनीत गेली आहेत. त्याच दिवशी शोधून काढा.

## टप्पा ९: पहिली दोन वर्षे

चराई, वणवा आणि गवत, या तिघांपासून जपायचे.

कुंपणाला बोरीचे किंवा बाभळीचे काटे चालतात, पण ते दर पावसाळ्यानंतर नव्याने लावावे लागतात. खर्चाचा विचार करता गुराख्याशी बोलणे जास्त उपयोगी; पाणवठ्याची मोकळी वाट त्याला स्वतः नेऊन दाखवा.

वणव्यासाठी माथ्याच्या बाहेरून तीन मीटर रुंद जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेली पट्टी), डिसेंबर-जानेवारीत, गवत पूर्ण वाळण्याआधी. घाटाकडच्या ओढ्यांवर ही चुकवली तर बाकीचे टप्पे वाया जातात.

गवत रोपाभोवती फूट-दीड फूट गोल कापायचे, उपटायचे नाही. उतारावर उपटलेल्या गवताबरोबर माती सुटते. कापलेले तिथेच आच्छादन म्हणून, बुंध्यापासून चार बोटे दूर. बुंध्याला चिकटवले तर वाळवी लागते.

पाणी: माथ्यावर पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला रोपामागे आठ-दहा लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याला. रोज थोडे-थोडे देऊ नका. मुळे वरच राहतात आणि पाणी बंद केले की झाड वाळते. उतारावर आळ्यात ओतलेले पाणी खाली वाहते, तिथे रोपाच्या वरच्या बाजूला बुडाशी बारीक छिद्र असलेले मडके पुरा.

नांग्या दोनदा भरायच्या: ऑगस्टमध्ये आणि पुढच्या जुलैत. एकाच जागी तेच रोप दोनदा मेले तर तिसऱ्यांदा ते लावू नका. खुंटीवरची खूण पुन्हा तपासा, जात बदला.

## टप्पा १०: तिसऱ्या पावसाळ्यात सावलीतली झाडे

जूनच्या आधी चादर पुन्हा अंथरा. जिथे अर्धी किंवा त्याहून जास्त सावली आली आहे तिथेच पुढे जायचे.

शेवरी आता कमरेएवढ्या उंचीवर छाटा. एकदम उपटू नका. छाटलेला पाला तिथेच पसरा. तिच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला, हात-दीड हात अंतरावर, सीता अशोक, कोकम, अंजनी, करकणी लावा, म्हणजे दुपारचे ऊन शेवरीचा फुटवा घेईल. पुढच्या दोन वर्षांत रोप शेवरीच्या वर गेले की शेवरी बुडापासून कापा.

अंजनी पहिली दोन-तीन वर्षे जवळजवळ वाढतच नाही असे वाटते. पाने चकचकीत आणि गर्द असतील तर ती ठीक आहे, उकरून पाहू नका. सीता अशोकाची तांबूस पालवी लोंबली म्हणून पाणी वाढवू नका. ती तशीच येते आणि आठवड्याभरात हिरवी होऊन ताठरते.

याच वर्षी एकदा भर पावसात, पूर ओसरल्यावर, पूर्ण काठ चालून या. पालापाचोळा आता कुठवर अडकला आहे ते पहिल्या वर्षीच्या दगडांशी ताडून पाहा. पायथ्याची झुडपे दाटली की पुराचे पाणी त्या जागी थोडे वर चढते. खूण शेताच्या कडेपर्यंत आली असेल तर त्या तुकड्यातले वाळुंज यंदाच्या जानेवारीत गुडघ्याएवढे छाटा आणि पात्रात आलेल्या शेरणीच्या आडव्या फांद्या काढा, मुळे तशीच ठेवून.